बॅटरीवरची ड्युटी

सेनगावात बस स्टँडवरून आत वळलं की माझं दुकान लागतं. लॅपटॉप, मोबाइल, प्रिंटर, झेरॉक्स... बोर्डावर काय काय लिहिलंय ते आता मलाच आठवत नाही, पण निम्मे लोक येतात ते एकाच कामासाठी. "भाऊ, बॅटरी टिकून न्हाई राहिली, काहीतरी करा." आणि मी करतो. आमच्याकडं लाइट कधी जाईल आणि कधी येईल हे छातीठोकपणे सांगणारा माणूस अजून जन्माला यायचाय, त्यामुळं बॅटरी हा इथं जिव्हाळ्याचा विषय. मी लॅपटॉप उघडतो, सेटिंगमध्ये शिरतो आणि जे जे म्हणून झोपवता येईल ते झोपवून टाकतो. पडद्याचा उजेड कमी करतो. यूएसबीला काही लावलेलं असेल आणि ते थोडा वेळ रिकामं बसलं, तर त्याची वीज तोडायची परवानगी मशीनला देऊन ठेवतो. गिऱ्हाईक परत येऊन सांगतं, "भाऊ, आता लई वेळ चालून राहिली." मग मी छाती फुगवून त्याला चहा पाजतो. ह्या एका कामावर तालुक्यात माझं नाव आहे, आणि त्या नावाला मी किती जपत होतो ते मला गेल्या उन्हाळ्यात कळलं.

माझ्या बायकोनं नर्सिंगचा कोर्स केलेला आहे. लग्नाआधी ती हिंगोलीत एका खाजगी दवाखान्यात बाळंतिणींच्या वॉर्डात होती. लग्न झालं, पोरी झाल्या, मग माझी आई अंथरुणाला खिळली. आईचं सगळं हिनंच केलं. मी दुकानात बसून लोकांचे लॅपटॉप झोपवायचो आणि ही घरी आईला उठवून बसवायची. आई गेली, पोरी मोठ्या झाल्या, शिकायला नांदेडला गेल्या, आणि एक दिवस ही हातातली भाजी खाली ठेवून म्हणाली, "मला परत कामाला लागायचंय."

कामही तिनंच शोधलं. एका संस्थेची मदतवाहिनी होती. नव्यानं बाळंत झालेल्या बाया फोन करतात, लेकरू दूध पीत नाही, ताप आलाय, अंगावरून जातंय, असं विचारतात. उत्तर देणारीनं घरीच बसायचं, डोक्याला हेडफोन लावायचा, लॅपटॉपवर फोन येतो तो घ्यायचा. दुपारची ड्युटी. तोंडी परीक्षा ती पहिल्या फटक्यात पास झाली. आता फक्त घरून आधी थोडा सराव आणि मग काही दिवस चाचणीची ड्युटी करून दाखवायची होती. ती जमली की नोकरी पक्की.

"मी ड्युटीवर जाऊन राहिले," ती आरशासमोर साडीला पिना लावत म्हणायची. नुसता सराव असला तरी इस्त्रीची साडी.

"जाऊन कुठं राहिली? आतल्या खोलीत तर बसनार. तिथं तुला बघनार कोन, पाल?"

"पाल तर पाल. ड्युटी ती ड्युटी."

अशी ती हसत खेळत होती. कितीतरी वर्षांनी मी तिला असं बघत होतो.

आता अडचण नेटची. आमचं घर उतारावर, खोलगटात. खोलीत मोबाइलला रेंज म्हणून नाही, फोन घ्यायचा तर गच्चीवर नाहीतर रस्त्यावर जायचं. फायबरवाले गल्लीच्या तोंडाला खड्डे खणून गेले ते गेलेच. दुकानात बसवावं तर समोर ट्रॅक्टर, जीपा, स्टँडवरची ओरड, बाळंतिणीचं गाऱ्हाणं कुणाला ऐकू येणार? पण माझ्याकडं एक जुनं डोंगल होतं. डोंगल म्हणजे सिम घालून यूएसबीला खुपसायचं नेटचं यंत्र, पूर्वी सगळ्यांकडं असायचं. आता त्याला कुणी हुंगत नाही. पण त्या जुन्याला एका अंगाला बारीक भोक असतं, त्यात बाहेरच्या अँटेनाची वायर बसते. आजच्या भारी भारी फोनला ती सोय नाही. मी गच्चीवर बांबू बांधला, अँटेना टॉवरकडं तोंड करून लावली, वायर खिडकीतून आत घेतली. डोंगलचा ड्रायव्हर, म्हणजे मशीनला ते यंत्र ओळखायला लावणारं सॉफ्टवेअर, फार जुनं होतं, नव्या विंडोजला ते पचेना. मी दोन दिवस त्याच्या मागं लागलो आणि ते चालवून दाखवलं. खोलीत नेट धो धो धावायला लागलं. मी गल्लीतल्या चार जणांना आणून दाखवलं, कारण नसताना.

गल्लीचंही सांगितलं पाहिजे. आमची गल्ली एकाच डीपीवर, म्हणजे एकाच ट्रान्सफॉर्मरवर आहे, आणि तो डीपी म्हातारा झालाय. गिरणी चालू झाली की घरातले पंखे सुस्त होतात, कुणी बोअरची मोटार लावली की टीव्ही आचके देतो. त्यामुळं आमच्याकडं लोड सोडायची रीत आहे. ज्याच्या घरी कार्य, ज्याच्या घरी आजारी माणूस, त्याच्यासाठी बाकीच्यांनी आपापल्या मोटारी बंद ठेवायच्या. विहारात कार्यक्रम असला की अख्खी गल्ली लोड सोडते, गणपतीतही सोडते. कुणी कुणाला उपकार केल्यासारखं बोलून दाखवत नाही.

सरावाचे दिवस मस्त गेले. ती टेबलाशी बसायची, सरावाचे फोन यायचे, ती घ्यायची. गिरणी धडधडत असायची, पंखा कधी पळायचा कधी रांगायचा, नेटला काही फरक पडायचा नाही.

मग चाचणीचा पहिला दिवस आला आणि माझ्या अंगात तज्ज्ञ संचारला.

सगळ्यात आधी मी लॅपटॉपचा चार्जर काढला. इथं कुणालाही विचारा, महत्त्वाचं काम असलं की आम्ही लाइटीवर विसंबत नाही. लग्नातला फोटोवाला, बँकेचा एजंट, ऑनलाइन परीक्षा देणारी पोरं, सगळे ऐन वेळी पिन उपटून बॅटरीवर येतात. लाइटीचा झटका बसला तर? बॅटरीचा करंट कसा शुद्ध, शांत. मी हिला तसंच सांगितलं, वर दोन इंग्रजी शब्दही टाकले. मग गल्लीत फिरून लोड सोडायला सांगितलं. गिरणीवाल्या मावशींनी तर पट्टाच उतरवून ठेवला. त्या माझ्या आईच्या बरोबरीच्या, आईच्या आजारात रोज येऊन बसायच्या. म्हणाल्या, "लेकरा, तुझ्या बायकोची नोकरी म्हंजे गल्लीची नोकरी. दळन काय, संध्याकाळी दळू."

मी खोलीच्या दारात स्टूल टाकून बसलो. कुणी आत जाऊ नये, कुणी हाक मारू नये म्हणून. ही समोर खुर्चीत ताठ बसलेली, डोक्याला हेडफोन, दोन्ही हात टेबलावर. पडद्यावर नेटचा हिरवा ठिपका. अख्खी गल्ली गप्प. अशी शांतता आमच्या गल्लीत मी जन्मात ऐकली नव्हती.

एकही फोन आला नाही.

ड्युटी संपल्यावर ती म्हणाली, "आज कुनाला काही तकलीफच न्हाई वाटतं." मी म्हटलं, "पहिला दिवस हाय, उद्या येतील." संध्याकाळी आम्ही दोघं गच्चीवर असताना तिला संस्थेच्या मॅडमचा फोन आला. मॅडम चांगल्या होत्या, आवाज चढवून बोलणाऱ्यातल्या नव्हत्या. त्या म्हणाल्या, आम्ही दुपारभर फोन पाठवत होतो, तुमच्याकडून एकही उचलला गेला नाही. आमच्याकडं तुम्ही गैरहजर दिसताय.

"एकबी फोन आला न्हाई मॅडम," ही प्रमाण भाषा विसरून म्हणाली. "मी तिथंच होते. हाललेसुद्धा न्हाई."

"असेल, असेल. नेट एकदा बघून घ्या."

नेट बघून घ्या! मला ते असं झोंबलं की विचारू नका. मी खाली आलो, चार्जर लावला, मशीन बंद करून चालू केलं, डोंगल काढून परत खुपसलं आणि नेट तपासलं. वाऱ्यासारखं पळत होतं. "हे बघ, नेटला धाड भरली न्हाई," मी म्हणालो. मग कुणाच्या तरी मोटारीनं घोटाळा केला असणार म्हणून गल्लीत गेलो आणि दारोदार तोंड सोडलं. "कुनी मोटार लावली होती, खरं सांगा!" मावशींनी मला हाताला धरून गिरणीत नेलं आणि उतरवलेला पट्टा दाखवला. मी सॉरीसुद्धा म्हणालो नाही. टॉवरवाल्यांना शिव्या घातल्या आणि घरी आलो.

दुसऱ्या चाचणीला मी आणखी कडक झालो. चार्जर तर काढलाच, घराचा मेन स्विचही पाडला. पंखा बंद. बाहेर ऊन असं की हळद वाळवणाऱ्या बायासुद्धा सावलीला सरकलेल्या. खोलीत ही इस्त्रीच्या साडीत घामानं निथळत बसली. पदरानं तोंड पुसायची आणि परत हात टेबलावर ठेवायची, फोन आला आणि हात गुंतलेला असला तर? पाणी प्यायलाही उठली नाही. मी तांब्या पुढं केला तर तिनं मानेनंच नको म्हटलं. बाहेर गिरणीच्या ओट्यावर दळणाचे डबे ओळीनं ठेवलेले, बाया कुजबुजत बसलेल्या. मी दारात स्टुलावर होतो, तिच्यापासून चार हातांवर.

परत तेच. एकही फोन नाही.

तिचा फोन खोलीत, तिथं रेंज नाही, म्हणून मॅडमनी ह्या वेळी मला लावला. गल्लीच्या तोंडाशी मला रेंज मिळते, मी दारातून उठून तिकडं जायला निघालो होतो आणि अंगणातच तो वाजला. अंगणात आवाज तुटत तुटत का होईना येतो.

"सर, नेटचं तुम्हीच बघता ना?" मॅडम म्हणाल्या. "आज पुन्हा गैरहजर दाखवतंय. तुमच्या नेटमध्ये काही दोष आहे का? असेल तर स्पष्ट सांगा, आपण दुसरी काही व्यवस्था बघू."

बघा, त्या बाईनं दार उघडून दिलं होतं. "असेल मॅडम, बघतो" एवढं म्हणायचं होतं. खरं तर "मला कळत नाही" म्हणायचं होतं. पण ज्याच्याकडं तालुका लॅपटॉप घेऊन येतो त्याला त्याच्याच घरातलं नेट कळत नाही? माझी जीभ तशी वळेचना.

"नेट एकदम बराबर हाय मॅडम," मी म्हणालो. "मी सोता तपासलंय. माझा धंदाच हाय हा."

"मग ताई जागेवर होत्या का?"

आणि मी म्हणालो, "आता घर म्हटलं की कसं असतं मॅडम, बाईमानसाला दहा कामं. उठली असंल मधी. मी समजावून सांगतो तिला."

असं म्हणून मी वर थोडा हसलोही. पुरुष एकमेकांत हसतात तसं, पण तिकडं तर बाई होती, ती हसली नाही. "बरं," ती म्हणाली, "आता एकच संधी देता येईल."

फोन ठेवून वळलो तर ही दारात उभी. हेडफोन गळ्यात, ब्लाउज पाठीला चिकटलेला, कपाळावरचं कुंकू घामानं ओघळलेलं. तिनं सगळं ऐकलं होतं. ओरडली असती तर बरं झालं असतं, मला ओरडायला जोडीदार हवाच असतो. आत जाऊन तिनं हेडफोनची वायर नीट गुंडाळली, साडीच्या पिना एकेक काढून डबीत ठेवल्या आणि मेन स्विच वर केला. मग पोळ्यांना लागली.

पुढचे दोन दिवस घरात कामापुरतं बोलणं. मला वाटलं, होईल शांत. उलट मीच तिच्यावर मनातल्या मनात चिडत होतो. एकदा तर मी तिला विचारलं, आणि हे लिहिताना माझं मलाच कसं तरी होतंय, "खरं सांग, तुझा डोळा तर लागला नव्हता?" ती तुरीची डाळ निवडत होती. तिनं मान वर केली, माझ्याकडं बघितलं, परत खाली घातली. मी तिच्यासमोर बसून होतो त्या दोन्ही दिवशी, तिच्या पापण्या मोजता आल्या असत्या. तरी मी हे विचारलं.

शेवटच्या चाचणीच्या आदल्या दिवशी सकाळी तीच बोलली. राग नाही, काही नाही. पेशंटचं दुखणं विचारावं तशा आवाजात.

"मला एक सांगा. सरावाला फोन येतात. गिरनी चालू असते, मोटारी चालू असतात, तरी येतात. चाचनीच्याच दिवशी काहून बंद पडतं?"

"तू मला शिकवून राहिली का?"

"शिकवून न्हाई राहिले, विचारून राहिले. त्या दिवशी तुमी वेगळं काय करता?"

"काय वेगळं करतो? सगळं चांगलंच करतो! लोड सोडायला लावतो, मेन पाडतो, चार्जर काढतो..."

चार्जर म्हणालो आणि माझं तोंड उघडंच राहिलं.

मी आत गेलो. मशीन चालू केलं, नेट लावलं, चार्जर उपटला आणि नुसता बसलो. कशाला हात लावला नाही. ती जशी बसायची तसा बसलो. थोड्या वेळानं काहीतरी उघडून बघितलं. ढिम्म. पडद्यावर हिरवा ठिपका तसाच, डोंगल मात्र मेल्यागत. परत चार्जर लावला, तरी उठेना. उपटून परत खुपसलं तेव्हा कुठं जागेवर आलं.

मग मी सेटिंग उघडली. जी मी रोज लोकांच्या लॅपटॉपवर उघडतो तीच. वीज वाचवायच्या पानावर दोन ओळी असतात, एक मशीन चार्जरवर असताना काय करायचं ती, दुसरी बॅटरीवर असताना काय करायचं ती. चार्जरच्या ओळीत यूएसबी जागं ठेवायचं होतं. बॅटरीच्या ओळीत झोपवायचं होतं. ड्रायव्हरच्या पानावरही परवानगीची खूण केलेली: वीज वाचवण्यासाठी हे यंत्र बंद करायला संगणकाला मुभा आहे. नव्या यंत्राला झोपवलं तर ते हाकेला उठतं. हा ड्रायव्हर जुना, त्याला झोपायचं ठाऊक, उठायचं ठाऊक नाही. सरावाच्या वेळी चार्जर लावलेला, म्हणून काही होत नव्हतं. चाचणीच्या दिवशी मी मोठ्या अक्कलहुशारीनं चार्जर काढायचो. मशीन बॅटरीवर यायचं. पहिला फोन यायच्या आत क्षणभर शांतता मिळाली की मशीन डोंगलची वीज तोडायचं. मग तिकडून बाया फोन करत राहायच्या, आणि इकडं माझी बायको हात टेबलावर ठेवून वाट बघत राहायची.

आणि त्या खुणा केल्या कुणी होत्या? तो लॅपटॉप मी जुना घेतलेला. दुकानात आणल्या आणल्या, सवयीनं, कुणी न सांगता मीच त्याची बॅटरी वाचवली होती.

ही मागं येऊन उभी राहिली होती.

"सापडलं का?"

"सापडलं."

"काय होतं?"

"सेटिंग होती."

"कुनी केली होती?"

माझ्या कानाच्या पाळ्या तापल्या. "मीच," मी म्हणालो.

"बरं," ती म्हणाली आणि दळणाचा डबा उचलून गिरणीकडं गेली. मी त्या दोन्ही खुणा काढल्या. एवढंसं काम. माऊसच्या चार टिचक्या. त्याच्यासाठी ती त्या भट्टीत बसली होती आणि मी तिला कामचुकार ठरवून मोकळा झालो होतो. मी खुर्चीतच डोकं धरून बसलो, दुकान उघडायला गेलो नाही.

शेवटच्या दिवशी मी मावशींना म्हटलं, गिरणी चालू ठेवा. त्यांना पटेना. "नको रे बाबा, परत आमच्या नावानं बोंबलशील." मी मान खाली घालून म्हटलं, "न्हाई मावशी. गिरनीचा काही संबंध नव्हता. मी उगीच बोललो तुमाला." तेवढं एक तरी माझ्या तोंडून निघालं. गिरणी सुरू झाली, पंखा रांगायला लागला, चार्जर जागेवर. मी स्टूल घेऊन दारात बसलो, पण तिच्याकडं बघायची हिंमत होईना, म्हणून बाहेर तोंड करून बसलो.

थोड्या वेळानं आतून तिचा आवाज आला. "नमस्कार ताई, मदतवाहिनीतून बोलते आहे. सांगा, काय त्रास होतो आहे?" हा आवाज मी घरात कधी ऐकला नव्हता. स्वच्छ, धीराचा. पलीकडची बाई बहुतेक आमच्यासारखंच बोलणारी असावी, कारण पुढच्याच मिनिटाला ही म्हणाली, "रडू नका बाई, तुमी आधी बसा बरं. लेकरू ओढून राहिलं का? मग दूध उतरतंय, घाबरायचं काम न्हाई. आता मी सांगते तसं धरा त्याला." मग दुसरा फोन, मग तिसरा. एका बाईला तिनं ठणकावून सांगितलं, थांबू नका, आत्ताच्या आत्ता दवाखान्यात जा, कुणी नाही म्हटलं तर माझं बोलणं करून द्या. ओट्यावरच्या बाया दळण विसरून आमच्या अंगणात येऊन ऐकत होत्या. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू, डोळे भरून आले. आणि त्याच वेळी असं वाटत होतं की ह्या आनंदात बसायचा मला हक्क नाही. ही असं काम करणारी बाई, आणि हिच्याबद्दल मी मॅडमना फोनवर 'उठली असंल मधी' म्हणालो.

संध्याकाळी मॅडमचा फोन आला. ही अंगणात आली, मावशी आणि दोन-चार बाया तिथंच होत्या, त्यांच्या आग्रहावरून हिनं फोन मोठ्या आवाजावर टाकला. मॅडम खूश होत्या. पुढच्या सोमवारपासून या, म्हणजे बसा, म्हणाल्या. बायांनी टाळ्या पिटल्या. मग मॅडमनी विचारलं, "पण ताई, आधी नेमकं काय झालं होतं?"

मी बोलायला तोंड उघडलं. देवाशपथ उघडलं होतं, पण हिनं मला संधीच दिली नाही.

"मशीनमध्ये एक बारीक दोष होता मॅडम. माझ्या मिस्टरांनी शोधून काढला. त्यांना त्यातलं फार चांगलं कळतं."

"वा, सरांना धन्यवाद सांगा."

सगळ्या बाया माझ्याकडं बघून हसल्या. मावशी म्हणाल्या, "मंग! तालुक्यात नाव उगीच हाय का माझ्या लेकराचं!" आणि त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. मला वाटलं, ह्यापेक्षा चारचौघांत थोबाडात मारली असती तर परवडलं असतं. मी दात काढून हसलो. दुसरं काय करणार?

बाया गेल्यावर ती आत जाऊन पिना काढत बसली. मी दाराशी उभा राहिलो.

"माझं नाव काहून सांगितलं?"

"मग काय सांगू?" ती पाठमोरीच म्हणाली. "नवरा खोटं बोलला म्हनून सांगू? त्यांच्या पुढं? पहिल्याच दिवशी?"

"मला खरंच ठाऊक नव्हतं गं. मशीन असं करत असंल असं मनातबी आलं न्हाई."

ती वळली. रडत नव्हती, चिडलेलीही नव्हती. दमलेली होती.

"मशीनचं तुमाला ठाऊक नव्हतं, ते मी मानते," ती म्हणाली. "पन माझं तर ठाऊक होतं ना? तुमी दारातच बसला होता. मी उठले होते का?"

"न्हाई."

"मग?"

ती पिना हातात धरून उत्तरासाठी थांबली.